आफ्रिकानेर ‘शुद्ध’ होते तरी कधी?

रानजाई

इथले सदस्य ‘भिंगारचा’ यांनी परवा लिहिलं की दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकानेर म्हणजे ‘१६५२ पासून रक्त आणि भाषा शुद्ध राखलेली गोरी शेतकरी जमात’. १२ मे २०२५ ला त्यांच्यातले ५९ जण निर्वासित म्हणून अमेरिकेत उतरले, यावरून त्यांनी ‘वंशसंहार चालू आहे आणि जग गप्प आहे’ असाही निष्कर्ष काढला. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले होते, पण तो इतका वाढला की वेगळा धागा काढते आहे.

आधी रक्ताचं बोलू. डच अधिकारी यान फान रिबेक १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला उतरला तो राष्ट्र उभारायला नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना भाजीपाला, मांस आणि गोडं पाणी मिळावं, एवढ्यासाठी. पाच वर्षांनी कंपनीने काही नोकरांना मोकळं करून जमिनी दिल्या. १६८८ च्या सुमारास फ्रान्समधून परागंदा झालेले ह्यूगनो, म्हणजे प्रोटेस्टंट, आले, जर्मन तर येतच होते. आणि त्याच कंपनीच्या जहाजांतून गुलामही आले: बंगाल, मलबार, कोरोमंडल, जावा, मादागास्कर इथून. जिथून आणलं ते ठिकाण हेच त्यांचं आडनाव. आन्सेला फान बेंगाले, म्हणजे बंगालची आन्सेला, खुद्द रिबेकच्या घरात गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली आणि १६६९ मध्ये आर्नोल्डस बासोनशी तिचं लग्न लागलं. आज तिच्या वंशात गोरी म्हणवणारी आफ्रिकानेर घराणी आहेत. क्रोटोआ ही केपच्या मूळच्या खोई लोकांतली दुभाषी, तिने १६६४ मध्ये पीटर फान मेरहोफशी लग्न केलं. तिचीही कहाणी तीच.

शुद्धता आली ती कायद्याने. १९४९ ला मिश्रविवाहांवर बंदी, १९५० ला प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारी नोंद. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचायची, घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. सख्ख्या भावंडांवर वेगवेगळे शिक्के बसले. याला तुम्ही ‘राखलेली शुद्धता’ म्हणता?

राहिला वंशसंहार. त्या देशात वर्षाला २५,००० हून जास्त खून होतात. शेतांवरच्या खुनांचा आकडा अगदी आफ्रिफोरम या आफ्रिकानेरांच्याच संघटनेचा धरला तरी ५० च्या आसपास जातो, आणि त्यात काळे शेतमजूरही असतात. ज्याच्या घरात खून पडला त्याच्या दुःखाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, हे मला कळतं. पण वंशसंहार हा शब्द इतका स्वस्त करू नका.

भिंगारचा

ताई, ‘शुद्ध’ शब्द चुकला असेल, पण माझ्या लेखाचा गाभा तुम्ही सोडून दिलात. या लोकांनी इंग्रजांशी झुंज दिली. १८९९ ते १९०२, जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याविरुद्ध मूठभर घोडेस्वार. ते हटेनात म्हणून इंग्रज सेनापती किचनेरने शेतं-घरं जाळली आणि बायकापोरं तंबूंच्या छावण्यांत कोंबली. सुमारे २८,००० माणसं मेली, त्यात २२,००० हून जास्त मुलं. उपासमार, गोवर, जुलाब.

मला हे नुसतं वाचून कळलेलं नाही. या लोकांना तेव्हा बोअर, म्हणजे शेतकरी, म्हणत. बोअर युद्धकैद्यांना इंग्रजांनी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडाला धाडलं तसं आमच्या अहमदनगरलाही आणलं होतं. माझे पणजोबा तेव्हा छावणीत दूध घालायचे. एका दाढीवाल्या कैद्याने त्यांना चाकूने कोरलेली एक लाकडी पेटी दिली, ती आजही आमच्या देवघराच्या फडताळात आहे. वीतभर लांब, झाकणावर बैलगाडी, बैलांची शिंगं इतकी बारीक की एकाचं टोक मोडलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला रोमन अक्षरं आहेत. आजी सांगायची, तो कैदी ती पेटी हातात धरून रडायचा. अशा माणसांच्या पणतवंडांना आज त्यांच्याच देशात उपरं म्हणतात, आणि आपण इथे आरामात बसून त्यांचं रक्त तपासतो!

रानजाई

रक्त मी काढलं नाही, तुम्ही काढलंत.

छावण्यांबद्दल एक शब्दही वाद नाही. पण त्याच युद्धात काळ्या लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तिथे किमान १४,००० मेले. ब्लूमफॉन्टेनला १९१३ मध्ये बोअर स्त्रिया-मुलांचं स्मारक उभं राहिलं. या दुसऱ्या मेलेल्यांची मोजदादच कितीतरी दशकं कुणी केली नाही. आणि १९१३ म्हणजेच काळ्यांना देशाच्या जेमतेम ७ टक्के जमिनीत कोंडणाऱ्या जमीन कायद्याचं साल. स्वतःच्या जखमेवर स्मारक बांधणाऱ्यांना शेजाऱ्याची जखम दिसू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या पणजोबांना पेटी देणारा बोअर ऑरेंज फ्री स्टेटचा असेल, तर त्याच्या प्रजासत्ताकाने १८९१ मध्येच भारतीयांना तिथे राहायला मनाई केली होती. ती उठली १९८६ ला! पणजोबा दूध घेऊन त्याच्या राजधानीत, ब्लूमफॉन्टेनला गेले असते तर त्यांना मुक्कामही करता आला नसता.

भिंगारचा

माझ्या पणजोबांना यात ओढायचं कारण नव्हतं.

केपकर

दोघेही जरा थांबा. मी नऊ वर्षं केप टाऊनला आहे, जे पाहिलं ते सांगतो.

सुरुवातीला ज्यांच्या आउटहाउसमध्ये भाड्याने राहिलो ते गोरे आफ्रिकानेर जोडपं. मोठ्या माणसांना ‘ऊम’ आणि ‘तानी’ म्हणायचं, म्हणजे आपलं काका-मावशी. मला ताप आला तेव्हा तानी तीन दिवस सूप आणून देत होती. त्याच ऊमने माझा काळा मित्र जेवायला आला म्हणून दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन ‘सांगून ठेवत जा’ असं सुनावलं. गोरे मित्र कितीदा आले, तेव्हा कधी सांगावं लागलं नव्हतं. मी दोन महिन्यांत घर बदललं. ते सूपही खरं आणि ते सुनावणंही खरं.

आता कुकसिस्टर. गोऱ्यांचा कुकसिस्टर म्हणजे वेणीसारखा गुंफून तळलेला, गार पाकात बुडवलेला, बाहेरून कुरकुरीत. माझ्या ऑफिसातली केप मलाय, म्हणजे केपला आणलेल्या गुलामांच्या मुसलमान वंशजांतली, बाई दर रविवारी सकाळी ‘कुसिस्टर’ करते, मधला एक ‘क’ कमी. तो मऊ, गोल, आत वेलची-दालचिनी-बडीशेप, पाकातून काढून वरून खोबऱ्याचा कीस. वासावर मी डोळे मिटून आपल्याकडच्या दिवाळीत पोचतो. ती म्हणते, ‘स्वयंपाकघरात आमच्या आज्या होत्या, वेणी गोऱ्यांनी नंतर घातली.’ आणि ओरानिया, १९९१ पासूनचं फक्त आफ्रिकानेरांचं गाव, तिथे चक्क कुकसिस्टरचं स्मारक आहे. फक्त आपल्या माणसांसाठी वसवलेल्या गावाच्या चौथऱ्यावर गुलामांच्या स्वयंपाकघराशी नातं असलेला पदार्थ!

शब्दवेल्हाळ

केपकर, क्या बात है. पदार्थाचं तेच शब्दांचं. डचमधून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत ‘पुष्कळ’ला ‘बाया’ म्हणतात, ते मलायच्या ‘बान्याक’वरून. केळं ‘पीसांग’, हेही मलाय. लोणचं ‘आचार’, हे सांगायलाच नको. आणि बोअर शेतकऱ्याच्या हातातला तो कुप्रसिद्ध कातडी ‘साम्बोक’ म्हणजे फारसी चाबूक, मलायमार्गे. आपला चाबूकच!

लिखाणाचंही ऐका. केप टाऊनजवळच्या पार्ल गावी १४ ऑगस्ट १८७५ ला गोऱ्यांनी ‘खऱ्या आफ्रिकानेरांची संस्था’ काढली आणि या भाषेचा कैवार घेतला, असं शाळेत शिकवलं जायचं. त्याच्या कितीतरी आधीपासून केपच्या मदरशांत मुसलमान मुलं हीच भाषा अरबी लिपीत लिहीत होती. तुर्कस्तानातून केपला आलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा धर्मविधींवरचा ग्रंथ याच भाषेत, अरबी लिपीत, १८७७ ला इस्तंबूलला छापला गेला. २०११ च्या जनगणनेत आफ्रिकान्स घरी बोलणारे ६८.५ लाख, त्यात कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाचे, ३४ लाखांवर आणि गोरे २७ लाख. तेव्हा ही भाषा म्हणजे गोऱ्यांची भाषा, हे समीकरणच चूक.

मुळामुठा

सगळं मान्य, पण मूळ गोष्ट कुणी बोलतच नाही. ज्या भाषेला ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हिणवलं जायचं ती या लोकांनी १९२५ ला राजभाषा केली, १९३३ ला त्यात बायबल आणलं आणि पुढे वैद्यकी, कायदा, इंजिनिअरिंग सगळं त्या भाषेत शिकवून दाखवलं. साठ-सत्तर लाखांची भाषा! आपण किती कोटी आहोत?

माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. ९१ टक्के. अकरावीच्या प्रवेशाला कॉलेजच्या खिडकीवरची बाई तिच्याकडे बघून म्हणाली, ‘सायन्स झेपेल का हिला?’ पोर घरी येईपर्यंत बोलली नाही. त्या दिवसापासून जो कुणी भाषेसाठी उभा राहिला त्याला मी सलाम करतो, तो कुठल्या रंगाचा आहे ते बघत नाही.

रानजाई

तुमच्या मुलीचं वाचून पोटात तुटलं. पण रंग बघावा लागतो. हे सगळं ज्या तिजोरीतून झालं ती सगळ्यांची होती आणि दारं एकाच गटाला उघडी होती. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली, सोवेटोची पोरं रस्त्यावर आली, कारण गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधूनच शिका असा फतवा निघाला होता. पोलिसांनी शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या. आफ्रिकान्सचं जेवढं नुकसान त्या एका फतव्याने केलं तेवढं इंग्रजीने शंभर वर्षांत केलं नसेल.

मुळामुठा

म्हणजे भाषेसाठी सरकारने काही करायचंच नाही? शाळेत मराठी सक्तीची केली तर तीही तुम्हाला सोवेटोच वाटेल!

रानजाई

असं मी कुठे म्हटलं? ज्यांची जमीन, मत आणि घर काढून घेतलंय त्यांच्याच मुलांवर मालकाची भाषा लादणं आणि इथल्या शाळेत मराठी शिकवणं एकच? जरा विचार करून लिहा.

मुळामुठा

विचार करूनच लिहितो. स्टेलेनबॉश या आफ्रिकान्सच्या जुन्या विद्यापीठाने २०१६ ला इंग्रजीला पुढे केलं आणि २०१९ ला घटना न्यायालयानेही ते उचलून धरलं. केप टाऊनबाहेरच्या केप फ्लॅट्स वस्त्यांतल्या गरीब कलर्ड पोराची मायबोली गेली ना त्यात? त्याच्यासाठी कुणी रडायचं?

केपकर

मुळामुठांचा हा मुद्दा खरा आहे. कोर्टासमोरही हे मांडलं गेलं होतं.

त्याच सहकारी बाईची आजी केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या भागातली. १९६६ ला तो भाग ‘गोऱ्यांचा’ जाहीर झाला, ६०,००० माणसं उठवून केप फ्लॅट्सच्या वाळूत टाकली. आजीला घर सोडायची नोटीस आली ती आफ्रिकान्समध्ये, म्हणजे तिच्याच भाषेत. आजीने ती मोठ्याने वाचली आणि चूल विझवली, असं ती सांगते. तरीही या बाईने पोरांशी आफ्रिकान्स सोडलं नाही. ‘भाषा आमची आहे, त्यांच्यामुळे मी का टाकू?’ म्हणते. मात्र ‘तू आफ्रिकानेर का?’ असं विचारलं तर मान जोरात हलवून नाही म्हणते. तरुण गोऱ्यांतही आता कुणी ‘आफ्रिकानेर’पेक्षा ‘आफ्रिकान्स बोलणारा’ म्हणवून घेतात, तर कुणी हट्टाने ‘बोअर’.

भिंगारचा

अरबी लिपीचं मला ठाऊक नव्हतं, ते घेतो. ‘शुद्ध’ हा शब्दही मागे घेतो. पण एक गोष्ट तुम्हीही कबूल करा, रानजाई. १७ मार्च १९९२ ला फक्त गोऱ्यांचं मतदान होतं. त्यात ६८.७ टक्क्यांनी वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटींच्या बाजूने मत दिलं, म्हणजे स्वतःची सत्ता सोडायला होकार दिला. हे किती लोकांनी केलंय इतिहासात? आणि अमेरिकेत ५९ गेले तेवढे तुम्हाला दिसले, पण सॉलिडॅरिटीसारख्या त्यांच्या संघटनेनेच सांगितलं की आम्ही इथेच राहणार. मातीला चिकटून राहिलेत ते.

रानजाई

निर्बंध, बहिष्कार आणि पेटलेल्या वस्त्या मागे नसत्या तर ते मत कसं पडलं असतं, कोण जाणे. तरी मत पडलं हे खरं, तेवढं मान्य. आणि राहणारे राहताहेत, यात तर माझं म्हणणंच सिद्ध होतं. वंशसंहारातून कुणी ‘आम्ही इथेच राहतो’ म्हणत नाही.

भिंगारचा

तो शब्द मी अजून सोडलेला नाही. त्यावर वेगळं लिहीन.

केपकर, एक काम कराल का? पेटीच्या झाकणातल्या अक्षरांचा फोटो पाठवतो. लहानपणापासून आम्ही ‘वूर मूडर’ असं वाचतो, अर्थ कुणालाच माहीत नाही. तुमच्या त्या बाईंना दाखवा.

केपकर

दाखवला. ती हसली आणि म्हणाली, हे आमचं नाही, हे डच आहे, ‘आईसाठी’. आम्ही ‘फिर मा’ म्हणतो.

म्हणजे बैलगाडी कोरणारा तो बोअर घरी आफ्रिकान्सच बोलत असणार, पण आईला लिहायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातात डच आलं. १९०१ मध्ये आपली भाषा लिहिण्यालायक आहे, असं त्यालाही वाटत नसावं. आणि ती अक्षरं आज वाचून दाखवली डिस्ट्रिक्ट सिक्सच्या नातीने.

भिंगारचा

आईसाठी होती, आणि दिली आमच्या पणजोबांना. आजी गेली, नाहीतर आज तिला सांगितलं असतं.

त्या बाईंना विचारा, मोडलेलं शिंग जोडायला कुठलं लाकूड चालेल.