फायटरची शेपूट झिजत चाललीय, औषधाने उलट वाढलं

निळीशेपूट:
माझा निळा फायटर मासा दीड वर्षाचा आहे. ३० लिटरच्या टँकमध्ये एकटाच असतो. स्पंज फिल्टर आहे, हीटर २६ अंशांवर. तीन आठवड्यांपूर्वी शेपटीची कड काळपट दिसू लागली, मग तिच्या चिंध्या झाल्या, आता जेमतेम अर्धी उरलीय. पाच दिवस मेथिलिन ब्लू हे औषध दिलं. आता तर तो तळाशीच पडून असतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. पाणी काचेसारखं नितळ आहे. महिन्यापूर्वीच सगळा टँक रिकामा करून घासला होता, स्पंजसुद्धा नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. अँटिबायोटिक सुरू करू का? त्याला असं पडलेलं बघवत नाही.

काठावरचा:
स्वतःची शेपूट चावत नाही ना? माझा एक चावायचा. पण त्यात एका रात्रीत अर्धगोल तुकडाच जायचा, कड काळी पडत नव्हती.

निळीशेपूट:
नाही, रोज थोडी थोडी कमी होतेय.

गढूळ_पाणी:
मग हे पर (माशाचे पंख आणि शेपूट) कुजणंच आहे. पण अँटिबायोटिक आज नको. तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: स्पंज नळाखाली धुतला.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले. उरलेसुरले मेथिलिन ब्लूने गेले असणार. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नितळ पाण्यावर विश्वास ठेवू नका. पर कुजवणारे जिवाणू तर जवळपास प्रत्येक टँकमध्ये असतात. मासा अशक्त झाला की त्यांचं फावतं. मी माझी पहिली फायटर मादी अशीच गमावली, तीन औषधं बदलली आणि पाणी एकदाही तपासलं नाही. ते अजून मनातून जात नाही, म्हणून इतकं लिहितोय.

आज अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. नसतील तर निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं हवं, थंड पाण्याचा धक्का त्याला आता सोसणार नाही. पाण्याची पातळी थोडी खाली ठेवा. फायटर वर येऊन हवा घेतो आणि फाटक्या शेपटीने त्याला तेवढं पोहणंही जड जातं. फिल्टरचे बुडबुडे मंद करा. दिवसाआड दोन दाणे पुरे, थुंकलेला दाणा लगेच काढा. कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा, त्याने आठवडे वाचतात. आणि यापुढे स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा, पांढरा करायचा नाही.

निळीशेपूट:
अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) आला. मीच केलं हे. मीठ टाकू का?

गढूळ_पाणी:
चालेल. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला ३० ग्रॅम. आयोडीन नसलेलं मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून पाणी बदललं तर बदललेल्या लिटरांपुरतंच पुन्हा टाका. दहा दिवसांपेक्षा जास्त मीठ ठेवू नका. पण पाणी बदलणं हाच खरा उपचार. अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज तपासा आणि बदला.

काठावरचा:
माझ्याकडे चार वर्षं चालू असलेला फिल्टर आहे. त्यातला स्पंज कापून द्यायला तयार आहे, निरोप पाठवा.

निळीशेपूट (बारा दिवसांनी):
काठावरचा, तुमच्या स्पंजने जीव वाचवला. अमोनिया चार दिवस शून्य, नायट्राइटही शून्य. काल त्याने दोन्ही दाणे खाल्ले आणि मला बघून काचेपाशी आला. पण आज शेपटीच्या कडेला पांढुरकी, पातळ पट्टी दिसतेय. बुरशी असेल का? मेथिलिन ब्लूची बाटली हातात घेऊन बसलेय.

गढूळ_पाणी:
बाटली ठेवून द्या! पट्टी कापसासारखी फुगीर आहे की आरपार दिसणारी?

निळीशेपूट:
आरपार. मागचा हीटर दिसतो तिच्यातून.

गढूळ_पाणी:
तो नवा पर आहे. आधी असाच बिनरंगी येतो, निळा रंग नंतर भरतो. पूर्ण शेपूट यायला महिने लागतील आणि कदाचित थोडी वाकडी येईल. कड पुन्हा काळी किंवा लाल झाली, किंवा कुजणं शेपटीच्या मुळापर्यंत गेलं, तरच अँटिबायोटिकचं बघू. तेही वेगळ्या भांड्यात आणि माशांच्या डॉक्टरला विचारून. उद्या त्या कडेचा फोटो टाका, मला बघायचाय.