मदत हवी आहे : रविवारी झाडतो, मंगळवारी जैसे थे. त्यात लोकांचे पैसे माझ्या खात्यात. संस्था नोंदवावी का?

नमस्कार मंडळी. मी जुन्या ठाण्यातला, घर जांभळी नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. दिवाळीनंतर आम्ही शेजारपाजारच्यांनी भाजी मार्केटमागच्या बोळात काम सुरू केलं. बोळाच्या टोकाला जुनी बांधीव विहीर आहे. आजी सांगायची, तिच्या लग्नाच्या पंगतीला पाणी याच विहिरीचं होतं. आता तिच्यात कोबीचा पाला, शहाळी, निर्माल्य आणि एक अख्खं थर्माकोलचं मखर. तलावांचं शहर म्हणून मिरवतो आपण, विहिरी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

पहिल्या रविवारी २३ जण होतो. आता ६ उरलोत, त्यातले दोघे माझ्याच घरचे.

आमची मोठी चूक सांगतो. हातगाड्या नेमक्या कुठे लागतात याचा नकाशा करायचा म्हणून आमच्या मुलांनी जमिनीवर खडूने आकडे टाकले, फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून मार्केटात आमच्याशी कुणी धड बोलेना. एका मावशींनी तोंडावर विचारलं, "आमची जागा कुणाला द्यायची ठरलीय?" समजावून दमलो.

आता पैशांचं. लोकांनी आपणहून दिलेले ३८ हजार माझ्या बचत खात्यात पडून आहेत. बायको रोज विचारते, उद्या कुणी हिशेब मागितला तर? एका सदस्याच्या कंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा, निधी मिळेल म्हणतात, पण "तुमची संस्था हवी." शिवाय एक स्थानिक पुढारी विहिरीला जाळी बसवून द्यायला तयार आहेत. अट एकच, जाळीएवढाच फ्लेक्स.

तर संस्था काढावी का? आणि काढली तर हे सगळं सुटेल का?

जुना हिशेबनीस :
आधी वर्गणी घेणं थांबवा, आजच. नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या (१९५०) कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच.

संस्थेचं म्हणाल तर १८६० च्या कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. तुम्ही ६ आहात, तिथेच पहिली गंमत. आणि नोंदणी म्हणजे लग्न आहे हो, साखरपुडा नव्हे. दरवर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो न भरल्यामुळे कागदावर अजून स्वर्गवासी अध्यक्षच कारभार बघताहेत, अशा संस्था मी पाहिल्यात.

सीएसआरच्या आशेवर तर मुळीच संस्था काढू नका. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो, आयकर खात्याची नोंदणी आणि देणगीदारांना करसवलतीची मान्यता (लोक ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात) लागते, शिवाय तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आज काढलेल्या संस्थेकडे तो कुठून येणार? कंपनीला म्हणा, जाळी तुम्हीच बसवा, नाहीतर एखाद्या जुन्या न्यासामार्फत करा. काहीही असो, पालिकेची लेखी परवानगी आधी.

चरईकर :
फ्लेक्स विहिरीच्या आत लावतील का विचारा.

भाजीवालीची लेक :
दादा, राग मानू नका. माझी आई ३० वर्षं मार्केटात बसते. तिच्या जागेपुढे कुणी खडूने आकडा लिहिला की त्या रात्री ती झोपत नाही. आकडे पडल्यावर काय होतं ते तिने पाहिलंय.

तुम्ही रविवारी आठला येता. माल पहाटे चारला उतरतो आणि कचरा तेव्हाच होतो, फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पानं, मेथीची मुळं. घंटागाडी यायला दिवस वर येतो. तोवर तो पाला टोपलीशेजारी सडू द्यायचा की बोळात ढकलायचा? गिऱ्हाईक घाणीजवळ थांबत नाही, म्हणून बोळात जातो. विहीर भरावी अशी हौस कुणालाच नाही. बोळाच्या तोंडाशी दोन मोठी पिंपं ठेवा आणि मुकादमाला भेटून गाडी लवकर येईल का बघा. आम्ही बोललो की त्याला ती तक्रार वाटते. तुम्ही चार जण गेलात तर तो निदान ऐकून घेईल.

आणखी एक. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहराच्या फेरीवाला समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत असं लिहिलंय. तुमच्या २३ मध्ये किती होते?

धागाकर्ता :
ताई, एकही नव्हता. राग कसला, वाचून कान लाल झाले.

खडू पुसून टाकतो. शनिवारी पहाटे चारला मी आणि मुलगा मार्केटात येऊ, झाडू न घेता. आईंना भेटता आलं तर बरं होईल, त्या चहा घेतात ना? पुढाऱ्यांना नाही म्हणून कळवलं.

हिशेबनीस, त्या ३८ हजारांतून पिंपं घेतली तर चालेल?

जुना हिशेबनीस :
ज्यांनी दिले त्यांना एकेकाला विचारा, नको म्हणतील त्यांचे परत करा. उरलेल्यांसाठी धर्मादाय कार्यालयात जाऊन झालंय ते जसंच्या तसं सांगा आणि मगच हात लावा. पावत्या फाडल्या होत्या ना? आणि विहिरीत कुणालाही उतरवू नका, कितीही पट्टीचा पोहणारा असो. कुजलेल्या पाल्याचा वायू खाली साचतो, माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो.

धागाकर्ता :
पावत्या नाहीत. नावं वहीत आहेत. वही बहुतेक वाण्याकडे राहिली, आत्ता जाऊन बघतो.