रूट ‘जाहिरात’ करतो, ‘वर्दी’ देतो की ‘ग्वाही’?

रात्रपाळी

परवाची गोष्ट. रात्रीचा दीड, कोथरूडचं घर, कानात हेडफोन. चाकणच्या एका कारखान्याचं नवं नेटवर्क मुख्य कार्यालयाला जोडायचं होतं. राउटर (नेटवर्कमधला माल पुढे धाडणारी यंत्रं) एकमेकांना वाटा सांगतात, त्यांची भाषा कारखान्याच्या आत ओएसपीएफ, बाहेर इंटरनेट सेवादात्याशी बीजीपी. आतले सगळे रूट (म्हणजे कुठल्या पत्त्याला कसं जायचं त्या वाटा) माझ्या बॉर्डर राउटरवर, सीमेवरच्या यंत्रावर, दिसत होते, नेबर (पलीकडचा राउटर) अप होता, सेशन तासभर हललं नव्हतं. तरी पलीकडचा मुलगा म्हणतोय, ‘‘सर, इकडे काहीच येत नाहीये.’’

मी तीनचारदा तरी म्हणालो असेन, ‘‘अरे, मी जाहिरात करतोय की!’’ (इंग्रजी शब्दाचं तिथल्या तिथे मराठी करायची माझी जुनी खोड.) पाणी प्यायला उठलेली आई दारात थांबली. ‘‘दीड वाजता कसली जाहिरात? आणि इतक्यांदा करून कोणी येत नसेल तर मालातच खोट असेल.’’

ती जाऊन झोपली. मला मात्र तो शब्द खुपायला लागला. ऑफिसात आम्ही ‘रूट सोडला का’, ‘रूट येतोय का’, ‘ढकल ना तो रूट’ असंच बोलतो, कोणाचं काही अडत नाही. पण नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत आणि तिथे ‘रूट ॲडव्हर्टाइजमेंट’ला, म्हणजे एका राउटरने दुसऱ्याला वाट कळवण्याला, शब्द हवा. ‘मार्गाची जाहिरात’ असं लिहिलं तर मुलं हसतील. काय लिहू?

मोडीवाचक

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्यांनी शब्दाचा आजचा अर्थ अचूक पकडलाय.

मुळात मात्र ‘जाहिरात’ निर्दोष आहे. अरबी ‘ज़ाहिर’ म्हणजे उघड, दिसणारं. फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘जाहीर’ झालं. इंग्रजी शब्दाचंही तेच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘तिकडे तोंड वळवणे’, आणि फ्रेंचमध्ये त्याच्याच भाऊबंदातला शब्द आजही ‘सावध करणे’ या अर्थी वापरतात. म्हणजे राउटरवाल्यांनी शब्द जुन्या, ‘कळवणे’ या अर्थाने घेतला. माल खपवण्याचा वास त्याला बाजाराने लावला, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही.

आपल्याकडे तो जुना अर्थ एका जागी अजून टिकून आहे. जमिनीच्या व्यवहाराआधी वकील पेपरात देतात ती ‘जाहीर नोटीस’. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’ तेव्हा नाम टाळा, क्रियापद ठेवा : ‘मार्ग जाहीर करणे’. नामच हवं असेल तर ‘दवंडी’ घ्या.

नाक्यावरची

दवंडी छान, पण सगळ्यांना एकच दवंडी पुरणार नाही. मी खराडीत हेच काम करते, म्हणून जरा फोड करून सांगते.

खरी दवंडी पिटतो तो जुना रिप, राउटरांची आणखी एक भाषा. दर ३० सेकंदांनी आपला सगळा तक्ता शेजाऱ्यांना ऐकवतो, काही बदललेलं असो वा नसो.

ओएसपीएफची रीत निराळी. प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या लिंकांबद्दल बोलतो : ही चालू, ही बंद, हिचा खर्च इतका. ते सांगणं बाकीचे राउटर एका अक्षराचाही फरक न करता पुढे पोचवतात. मग प्रत्येकजण आपापल्या घरी बसून सगळा नकाशा मांडतो आणि डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाच्या रीतीने जवळची वाट काढतो. एखादी लिंक पडली की त्याच क्षणी बातमी सुटते. माझ्या मते याला मराठीत अगदी बसणारा शब्द आहे ‘वर्दी’. ‘आगीची वर्दी मिळताच अग्निशमन दलाच्या गाड्या...’ हे वाक्य पुण्यात आठवड्यातून दोनदा तरी पेपरात असतंच. वर्दी देणारा आग का लागली, गाडी कुठल्या रस्त्याने आणा, यात पडत नाही. जे दिसलं ते कळवतो.

बीजीपी मात्र ना दवंडी, ना वर्दी. तो ज्याच्याशी टीसीपीच्या १७९ पोर्टवर रीतसर सेशन जुळलंय त्या एकाच शेजाऱ्याशी बोलतो. तेही आपल्या लिंका कशा आहेत ते सांगत नाही, निष्कर्ष सांगतो : ‘अमुक ठिकाणी जायचंय? माझ्याकडे दे, मी पोचवतो.’ याला शब्द सुचत नाही.

बाकी, तुमचा रूट गेला का शेवटी?

रात्रपाळी

गेला, पावणेतीनला. आणि तुम्हाला न सुचलेला शब्दही त्यातूनच मिळाला असं वाटतंय.

मी ‘नेटवर्क’ कमांडने १०.४०.१६.० हा /२२ चा पत्त्यांचा पट्टा बीजीपीत घातला होता (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान आणि नेमका). आत ओएसपीएफमधून येत होते चार सुटे /२४ : १६, १७, १८ आणि १९. मनातल्या मनात मी बेरीज केली, चार /२४ म्हणजे एक /२२, झालं. पण बीजीपी बेरीज करत नाही. ‘नेटवर्क’ कमांडमध्ये लिहिलेला प्रिफिक्स (पट्टा) मास्कसकट, म्हणजे त्या /२२ सकट, जसाच्या तसा माझ्या राउटिंग टेबलात, वाटांच्या तक्त्यात, आहे का, एवढंच तो पाहतो. चार तुकडे होते, अख्खा नव्हता. त्यामुळे तो गप्प. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सेशन हिरवंगार. नेबर अप आहे या भरवशावर मी पाऊण तास पलीकडच्या मुलाचा फिल्टर तपासत बसलो आणि त्या बिचाऱ्याने तोवर राउटर दोनदा रीस्टार्ट केला.

आमचे एक ज्येष्ठ फोनवर आले. त्यांनी एकच विचारलं, ‘‘अरे, तुझ्या टेबलात /२२ आहे का? जे स्वतःकडे नाही त्याची ग्वाही तो कशी देईल?’’

मग /२२ चा एक स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट नल इंटरफेसकडे टाकला, जिथे गेलेलं सगळं फेकून दिलं जातं. अर्ध्या मिनिटात पलीकडून ‘‘आला, आला!’’ (नल इंटरफेसला मी टिपणात ‘बुडीत खातं’ लिहिणार आहे. खरा ट्रॅफिक नेमक्या /२४ ने आत जातो, कारण नेमका रूट नेहमी जिंकतो. ज्याला आत कुठेच जागा नाही तेवढंच बुडीत खात्यात जमा.)

तर बीजीपीसाठी ‘ग्वाही’. कसा वाटतो?

मोडीवाचक

एक शंका. ग्वाही म्हणजे साक्ष, फारसी ‘गवाह’वरून आलेली. साक्ष पाहिलेल्या गोष्टीची देतात. पुढे होणाऱ्या गोष्टीची देतात ती हमी. ‘मी पोचवतो’ ही हमी झाली.

रात्रपाळी

म्हणूनच तर तो शब्द आवडला. त्यात दोन्ही आहे. आधी टेबलात पाहायचं, मग बोलायचं. आणि मराठीत आता ‘मंत्र्यांनी ग्वाही दिली’ म्हणजे काही पाहिलंय असं कोण समजतं?

पेठेतला

मंत्र्यांच्या ग्वाहीवरून आठवलं. बीजीपीतही खोटी ग्वाही देता येते आणि मूळ बीजीपी ती तपासत नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने युट्यूब देशात बंद पाडायला त्याचा एक /२४ आतल्या आत अडवला. हेच तुमचं बुडीत खातं. पण तो आतला रूट वेशीबाहेर गेला, वरच्या सेवादात्याने न तपासता पुढे सोडला, आणि जगभरातला युट्यूबचा ट्रॅफिक तिकडे वळला. युट्यूबची स्वतःची ग्वाही /२२ ची होती, यांची /२४ ची.

सदाशिव पेठेत पत्ता विचारणाऱ्याला हे चटकन कळेल. एकजण म्हणतो, ‘‘तिकडे, टिळक रोडच्या बाजूला.’’ दुसरा म्हणतो, ‘‘खजिना विहिरीपासून डावीकडे, तिसरा वाडा.’’ आपण दुसऱ्याचंच ऐकतो, त्याला काही माहीत असो वा नसो. शेवटी युट्यूबला स्वतः /२४ आणि मग त्याहून बारीक /२५ जाहीर करावे लागले.

‘वेस’ शब्द मी मुद्दाम वापरला. इंटिरियर आणि एक्स्टिरियर प्रोटोकॉलना (ओएसपीएफसारख्या आतल्या आणि बीजीपीसारख्या बाहेरच्या भाषांना) ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’ लिहिलंत की पाठ्यपुस्तक झालं. ‘वेशीआतला’ आणि ‘वेशीबाहेरचा’ म्हणा. बॉर्डर राउटर म्हणजे वेस.

शब्दवेडी

मी या क्षेत्रातली नाही, भाषांतरं करते. मला नेटवर्कच्या एका मजकुरात ‘रिडिस्ट्रिब्यूशन’ हा शब्द अडला होता. मी ‘फेरवाटप’ केलं आणि परीक्षकांनी लाल शाई केली. बरोबर काय?

नाक्यावरची

परीक्षकांचं बरोबर आहे. फेरवाटपात एकाचं काढून दुसऱ्याला देतात. इथे ओएसपीएफकडचं काहीच कमी होत नाही. त्याच्या भाषेतला रूट बीजीपीच्या भाषेत सांगितला जातो, किंवा उलट. तुमच्याच धंद्यातला शब्द आहे : उलथा. भाषांतराला जुन्या मराठीत ‘उलथा’च म्हणायचे ना?

आणि उलथ्यात जे हरवतं ते इथेही हरवतं, म्हणून मला हा शब्द फार पटतो. ओएसपीएफचा खर्च लिंकांच्या वेगावरून ठरतो. बीजीपीचा रूट कोणकोणत्या एएसमधून (एकेका संस्थेच्या नेटवर्कमधून) आला ती यादी सोबत बाळगतो. बीजीपीतून ओएसपीएफमध्ये उलथा केला की ती यादी गळून पडते. सिस्को कंपनीच्या राउटरवर तर मेट्रिक (वाटेचा खर्च) म्हणून नुसता १ लागतो, आणि तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर आत कितीही लांब गेलात तरी तो १ च राहतो. आता वेशीवर दोन राउटर असले आणि दोघांवर दोन्ही बाजूंनी उलथे चालू असले, तर एकाने आत आणलेला बाहेरचा रूट दुसरा परत बाहेर सांगतो. या खेपेला ‘हा आमच्याच घरचा’ म्हणून. मराठी कथेचा इंग्रजी उलथा झाला, त्याचा कोणीतरी परत मराठीत केला आणि वर स्वतःचं नाव घातलं, अशातली गत. उपाय म्हणून रूट आत घेतानाच त्यावर टॅग मारतात आणि तो टॅग दिसला की बाहेर सोडत नाहीत. टॅगला माझ्याकडून ‘शिक्का’.

उलथाकारही मनमानी करतो बरं का. सिस्कोवर ओएसपीएफचा उलथा बीजीपीत करा म्हटलं की तो फक्त ओएसपीएफचे स्वतःचे रूट घेतो. बाहेरून ओएसपीएफमध्ये आलेले, टेबलात ‘ओ ई२’ म्हणून दिसणारे, स्पष्ट सांगितल्याशिवाय घेत नाही. उलट्या दिशेला जुन्या आवृत्त्यांवर ‘सबनेट्स’ हा शब्द लिहायचा राहिला की तुमचे १०.४० चे तुकडे गायब. तिसरी तऱ्हा म्हणजे आपल्याच एएसमधल्या दुसऱ्या राउटरकडून आयबीजीपीने (घरातल्या घरात चालणाऱ्या बीजीपीने) कळलेले रूट. तेही तो आपणहून ओएसपीएफमध्ये ओतत नाही.

पेठेतला

त्या आयबीजीपीच्या रूटना ‘ऐकीव’ म्हणा. नियमच आहे ना : घरातल्या एकाकडून ऐकलेलं घरातल्या दुसऱ्याला सांगायचं नाही. वाड्यात हा नियम असता तर निम्मी भांडणं झालीच नसती. म्हणून तर प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट सेशन जोडावं लागतं, दहा राउटर असले तर ४५. नाहीतर रूट रिफ्लेक्टर नेमा, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांना सांगायची परवानगी असलेल्या एक काकू.

गंमत अशी की सिस्कोचा राउटर वेशीबाहेरून आलेल्या बीजीपी रूटवर २० च्या अंतराने विश्वास ठेवतो, घरच्या ओएसपीएफवर ११० च्या, आणि घरातल्या ऐकीव बीजीपीवर २०० च्या. आकडा लहान तितका भरवसा जास्त. बाहेरच्याचं आधी खरं मानायचं, ही रीत मात्र अगदी आपली.

रात्रपाळी

‘काकू’ टिपणात घेतली!

‘नेक्स्ट हॉप’ला, म्हणजे वाटेवरच्या पुढच्या टप्प्याला, मात्र मला शब्द आयता सापडला. पुण्याच्या पीएमपी बसच्या पाटीवरचा ‘मार्गे’. कात्रज, स्वारगेट मार्गे. नव्या मुलांना एरवी अर्धा दिवस सापडत नाही तो बिघाड यातून दोन मिनिटांत कळतो. वेशीवरच्या राउटरने बाहेरचा रूट आत आयबीजीपीने सांगितला, आतल्या राउटरला तो बीजीपीच्या यादीत दिसतोय, पण राउटिंग टेबलात रुजू होत नाही. का? पाटीवर ‘मार्गे’ म्हणून सेवादात्याच्या लिंकचा पत्ता आहे, कारण आयबीजीपी तो बदलत नाही, आणि आतल्या ओएसपीएफने तो पत्ता कधी ऐकलेलाच नाही. बस कात्रजची, पण ड्रायव्हरला स्वारगेट ठाऊक नाही. मग एकतर ती लिंक ओएसपीएफमध्ये घ्या, नाहीतर वेशीवरच्या राउटरला सांगा, पाटीवर स्वतःचं नाव लिही. ‘नेक्स्ट हॉप सेल्फ’ म्हणजे ‘माझ्या मार्गे’.

शब्दवेडी

‘रुजू होणे’ सुरेख. नोकरीवर रुजू होतात तसा रूट टेबलावर. माझा परीक्षक याला तरी लाल शाई करणार नाही.

पण मग दिलेला रूट काढून घेतात, त्याला काय म्हणता? ‘विथड्रॉ’?

मोडीवाचक

ग्वाही स्वीकारली आहे तर प्रश्नच नाही. ग्वाही मागे घेणे.

नाक्यावरची

आणि ते दरवेळी वाईट हेतूनेच असतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास बंद होतं, आठवत असेल. त्यांचं आतलं मोठं जाळं तुटलं, तेव्हा डीएनएस सर्व्हरांनी (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्यांनी) ‘आमचा डेटा सेंटरशी संपर्क नाही’ हे ओळखून स्वतःच्या पत्त्यांची ग्वाही आपणहून मागे घेतली. प्रामाणिकपणा नडला! सर्व्हर जिवंत होते, पण जगाला त्यांच्याकडे जायची वाट उरली नाही.

सारखी ग्वाही देणं आणि मागे घेणं, ज्याला आपण ‘फ्लॅप’ म्हणतो, त्याला ‘शब्द फिरवणे’ घ्या. असा रूट काही काळ बाजूला ठेवायची सोयही आहे, इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी २४३९ मधली, १९९८ सालची. दर वेळी शब्द फिरवला की दंड चढतो, दंड मर्यादेपलीकडे गेला की त्याचं कोणी ऐकत नाही. गप्प बसला की दंड हळूहळू उतरतो.

रात्रपाळी

घेतला. टिपणांचा पहिला खर्डा आज आईला वाचून दाखवला. बाकी सगळं ऐकून घेतलं, ‘बुडीत खातं’ आलं तेव्हा म्हणाली, ‘‘हे तेवढं कळलं.’’