मिशनरी चरित्रांचा वाचनगट: सुरुवात कुठून करावी?

रत्नागिरी_वाचक
नमस्कार मंडळी. रविवारच्या उपासनेनंतर आठ-दहा तरुणांचा वाचनगट सुरू करायचाय. तासभरच मिळतो. विश्वासाला बळ देणारी चरित्रं हवीत, शक्यतो आपल्या मातीतली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’नेच श्रीगणेशा करावा का? आणि जुनी पुस्तकं पावसाळ्यात कशी टिकवायची?

हर्णै_बंदर
ख्रिस्तपुराण आधी नको. १६१६ ची भाषा, सुमारे ११ हजार ओव्या, त्यात पहिलं पुराण जुन्या कराराचं. तिथेच निम्मा गट गळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट आणि लक्ष्मीबाईंचं सोवळ्यातून हळूहळू सुटणं तरुणांना थेट भिडतं. पंधरा-वीस पानं घरी वाचून यायची, गटात दोनच पानं मोठ्याने, उरलेला वेळ चर्चेला. मग ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’. त्यातली वाक्यं लांबलचक, म्हणून वाचणाऱ्याने आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवावं.

बाणकोट_खाडी
परदेशी मिशनऱ्यांची चरित्रं जरूर वाचा, पण त्यातली बरीचशी मायदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेली असतात. नायक उजळतो, बाकीचे अंधारात जातात. म्हणून दर वेळी विचारा: भाषा कोणी शिकवली? घर कोणी सोसलं? बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचं १८०५ चं मराठी व्याकरण सांगताना पंडित वैजनाथांचं नाव आलंच पाहिजे, आणि मुलाच्या मृत्यूनंतर मन ढासळलेल्या त्यांच्या पत्नी डोरोथीबाईंचंही. हे वगळून मिळणारी प्रेरणा पोकळ असते. स्कॉटिश मिशनरी दांपत्य जॉन आणि मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आल्यावर मराठी शिकायला तुमच्याच जिल्ह्यातल्या हर्णैला राहिले होते. मार्गारेटबाईंच्या मुलींच्या शाळांवर एक बैठक ठेवाच.

मालवणी_ग्रंथपाल
पुस्तकांचं सांगतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. बुरशी आलीच तर पुस्तक सावलीत, वाऱ्यावर सुकवून मऊ कोरड्या ब्रशने बाहेर झटका, नाकाला रुमाल बांधून. ओलं फडकं लावलंत की डाग पानात मुरतो. कडक उन्हात कागद ठिसूळ होतो. जुनी प्रत गटात फिरवू नका, हव्या त्या पानांच्या झेरॉक्स काढा.

आणि ख्रिस्तपुराण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, दिवसांसाठी राखून ठेवा. दुसऱ्या पुराणातला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा भाग, बैठकीला वीस-पंचवीस ओव्या, एकाने चालीत म्हणायच्या, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. मूळ छपाई रोमन लिपीत आहे, त्यात ‘ल’ की ‘ळ’ यावरच माणूस अडखळतो. देवनागरी प्रतच मागवा.