द्राक्ष गटात प्रश्न पडतात, उत्तर कुणी देत नाही. काय करावं?

मणेराजुरी_मळा (तासगाव)

राम राम मंडळी. आमच्या चार गावांतल्या द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲपवर गट आहे, दोनशेच्या वर माणसं आहेत. फळछाटणी झाली की प्रश्नांचा पाऊस पडतो: "पानावर डाग पडलेत, काय मारू?", "जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड) किती टाकू?", "घड जिरतोय (वाढायच्या आधीच नाहीसा होतोय), उपाय सांगा". उत्तर देणारे तेच पाच-सहा जण, आणि आता तेही गप्प झालेत. खरी जाणकार माणसं नुसतं वाचतात. त्यांना गाठायचं तर बांधावर जावं लागतं, तिथं मात्र तासभर बोलतात. मधल्या जागेत सुप्रभात आणि दुकानांच्या जाहिराती. चांगल्या उत्तराला दर महिन्याला बक्षीस ठेवावं असं काहींचं म्हणणं आहे. ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी सांगावं, माणसं बोलती कशी करायची?

खुंट_डॉगरिज (मिरज)

दादा, आधी प्रश्नाकडे बघा. "पानावर डाग पडलेत" याला जाणता माणूस उत्तर देऊच शकत नाही, म्हणून तो गप्प बसतो. डाऊनीचा (केवडा रोगाचा) डाग वरून तेलकट पिवळा, आणि बरोबर त्याच्याच खाली पांढरी लव. भुरीची पांढुरकी पूड बोटानं पुसली जाते. करपा कोवळ्या पानावर बारीक काळपट ठिपके टाकतो, पुढं मधला भाग गळून भोकं पडतात. तांबेरा पानाच्या पाठीवर नारिंगी पूड धरतो. कडा करपल्या असतील तर ते क्षार असतील, पालाश कमी असेल, नाहीतर कडक उन्हात मारलेली फवारणी. ओल्या हातानं, सावलीत, हलता काढलेला एक फोटो बघून यातलं काय ओळखणार?

प्रश्नासोबत एवढं यायलाच पाहिजे: द्राक्षाची जात, खुंट (ज्यावर कलम केलंय ते मूळझाड), छाटणीची तारीख, मागच्या दहा दिवसांत काय काय मारलं आणि कधी, पाऊस किंवा दव किती होतं. फोटो तीन: त्याच पानाची वरची बाजू, तीच पाठीमागून, आणि चार पावलं मागं सरून अख्खी वेल. तिसरा फोटो लोक टाळतात, पण डाग शेंड्याला आहेत की बुडाच्या जुन्या पानांवर हे त्यातच कळतं, आणि निम्मं निदान तिथंच होतं.

छाटणीच्या तारखेवाचून तर पुढं सरकूच नका. वीस दिवसांच्या बागेत डाऊनी दिसला तर घड वाचवायचा असतो. तोच डाग नव्वद दिवसांनी दिसला तर काढणीपर्यंत किती दिवस उरलेत आणि कोणतं औषध आता चालणारच नाही, इथून विचार सुरू होतो.

हे सगळं चार ओळींत लिहून गटात पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, म्हणून महिन्याला पुन्हा करावी लागते. गटाच्या माहितीतही टाका, नवीन माणूस आधी तिथं बघतो.

आणि डाऊनीची शंका असेल तर विचारणाऱ्याला घरीच एक काम सांगा. डाग असलेली दोन-तीन पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवायची. सकाळी डागाच्या पाठीला पांढरी लव आली तर डाऊनी जिवंत आहे. हा फोटो गटात पडला की उत्तराला माणसं आपोआप पुढं येतात, कारण आता अंदाज करावा लागत नाही.

कवठेकर_७० (कवठेमहांकाळ)

वरचं बरोबर आहे, पण जाणकार गप्प बसण्याचं मोठं कारण वेगळं आहे. "तुम्ही सांगितलंत म्हणून मारलं, घड करपले" हे वाक्य एकदा ऐकलेला माणूस परत तोंड उघडत नाही. एकरी लाखांचा खर्च उभा असतो, त्याची जबाबदारी फुकटात कोण घेईल? म्हणून उत्तराचे दोन भाग करा आणि गटाला स्पष्ट सांगा की पहिला भाग दिला तरी ते पूर्ण उत्तर धरलं जाईल.

पहिला भाग ओळख आणि पुढची तपासणी. "डाऊनी वाटतोय, पान ओल्या कागदात ठेवून बघा, शेजारच्या ओळीत घडावर आहे का बघा." यात कुणाचं नुकसान होत नाही, त्यामुळं सांगणाऱ्याच्या मनात धाकधूक राहत नाही.

दुसरा भाग औषध. ते सांगायचंच असेल तर दुकानातलं नाव नको, डब्यावर लिहिलेला घटक आणि त्याचं प्रमाण सांगा. मात्रा लिटरला की एकराला, हे लिहिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही. निर्यातीची बाग असेल तर शेवटची फवारणी ते काढणी यातले प्रतीक्षेचे दिवस आणि फळात उरणारा औषधाचा अंश मोजूनच. आणि शेवटचा शब्द लेबलचा.

घटकाचं प्रमाण का, ते जीएवर बघा. पोपटी अवस्थेत (कोवळा घड पोपटी रंगाचा असताना) १० पीपीएमची फवारणी सांगितली. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जिबरेलिक ॲसिड म्हणजे १० पीपीएम. पण हातात ४० टक्क्यांची पावडर असेल तर त्याच १० पीपीएमला २.५ ग्रॅम लागते. उत्तर देणाऱ्यानं नुसतं "१ ग्रॅम टाका" म्हटलं तर एकाची मात्रा बरोबर येते, दुसऱ्याची निम्म्याहून कमी, आणि दोघंही सांगणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतात. त्यात कुणाची पावडर पाण्यात थेट विरघळते, कुणाची आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. चुकतो तो उत्तर देणारा नव्हे, प्रश्न अर्धवट असतो. हे गटानं उघडपणे मान्य केलं की माणसं बोलू लागतात.

एक नियम कडक ठेवा: सांगितलेल्या सल्ल्यावरून गटात कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. चूक दाखवायची असेल तर कारणासकट, आणि "तुम्हाला काय कळतं" हे शब्द नकोत. दोन जाणती माणसं अशा एका वाक्यानं कायमची गप्प होतात.

शेड_आणि_रॅक (तासगाव)

मी म्हणेन, उत्तरांसाठी माणसांच्या पाळ्या लावा. "सर्वांनी उत्तरं द्या" म्हटलं की कुणीच देत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. आठवड्याला दोन माणसं ठरवा, एक पांढरी द्राक्षं पिकवणारा, एक काळी द्राक्षं पिकवणारा. त्यांना सगळं येत असावं अशी अट नको. त्यांचं काम एवढंच: प्रश्न अर्धवट असेल तर राहिलेली माहिती मागून घ्यायची, आणि ज्याला ते येतं त्याला नावानं हाक मारायची. "तात्या, हे खतपाण्याचं आहे, तुम्ही सांगा." नावानं हाक आली की माणूस टाळत नाही.

त्यासाठी आधी यादी करा, कुणाला काय येतं. देठ परीक्षणाचे (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासल्याचे) अहवाल वाचणारा कोण, ठिबकची जोडणी जाणणारा कोण, चोपण (क्षारानं घट्ट झालेल्या) जमिनीत बाग धरलेला कोण, बेदाण्याचं शेड सांभाळणारा कोण. यात छाटणीचे मुकादम आणि विरळणी-निवडणीच्या बायका राहून जातात. काडी कुठं कापायची, कोणत्या मण्याला कात्री लावायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही. पण त्या टाइप करत नाहीत. त्यांच्याकडून मिनिटाभराचा आवाजी निरोप घ्या आणि पाळीवाल्यानं खाली दोन ओळींत लिहून टाका, म्हणजे पुढं शोधता येईल. लिहिताना त्यांचं नाव घाला. हे विसरू नका, पुढच्या वेळी त्या स्वतःहून बोलतात.

वेळही बघा. सकाळी फवारणी चालू असते, दुपारी मजूर. उत्तरं रात्री आठ ते साडेनऊत येतात. दिवसभराचे सुटे प्रश्न पाळीवाल्यानं आठ वाजता एकदा वर आणावेत. जुना प्रश्न धरून "रिप्लाय" करायचा, नाहीतर कोणतं उत्तर कशाचं ते कळत नाही.

बक्षीस नको. बक्षीस लागलं की दुसऱ्या गटांतून उचललेली लांबलचक माहिती पडायला लागते, आणि ज्यांना खरंच येतं ते मागं सरतात. त्यापेक्षा विचारणाऱ्यानं आठ-दहा दिवसांनी परत येऊन काय केलं, काय झालं ते फोटोसकट सांगावं. उत्तर देणाऱ्याला एवढंच हवं असतं. हे झालं नाही तर त्याच माणसाचा पुढचा प्रश्न घेऊ नका.

वारणाकाठ (वाळवा)

पुढचा प्रश्न घेऊ नका, हे मला पटत नाही. म्हातारी माणसं, कमी शिकलेली माणसं अशानं बाहेर पडतील, आणि त्यांच्याच बागेत मदतीची गरज जास्त असते. त्यांची माहिती पाळीवाल्यानं फोन करून भरावी. बाकी, जाहिराती आणि सुप्रभातसाठी वेगळा गट उघडा, मुख्य गटात आले की लगेच काढा, त्यात भीड नको. आणि जे प्रश्न आठवडाभर सुटले नाहीत ते घेऊन रविवारी त्याच बागेत शिवारफेरी. बांधावर तासभर बोलणारी माणसं तुमच्याकडं आहेतच, तिथं एकानं वहीत लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी गटात टाकायचं.

मणेराजुरी_मळा (तासगाव)

फार उपयोगी. बक्षिसाचा विषय सोडला. वाळव्याच्या दादांचं पटलं, फोन करून माहिती भरू. एक राहिलं: तेच प्रश्न दरवर्षी येतात, जुनी उत्तरं वर निघून जातात. ती कशी जपायची?

शेड_आणि_रॅक (तासगाव)

विषयवार लावू नका, छाटणीनंतरच्या दिवसांनुसार लावा. शेतकरी "रोग" असं शोधत नाही, त्याला आज बाग किती दिवसांची झाली ते माहीत असतं. पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध) आणि फूट, पोपटी अवस्था, फुलोरा, मणी सेटिंग, मण्यात पाणी उतरणं, काढणी, आणि शेवटी बेदाणा. प्रत्येकाला एक पान, पानावर सुटलेले प्रश्न, खाली सल्ला कुणी दिला आणि निकाल काय लागला. ज्याचा निकाल कळला नाही तो सल्ला पानावर चढवायचा नाही. म्हणजे बेदाण्याच्या पानावर "डिपिंगचं (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं) द्रावण किती?" याखाली लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल एवढं लिहून भागत नाही. मालाची साखर किती होती, किती दिवसांत वाळला, रंग कसा आला, तेही पाहिजे.

त्या त्या टप्प्याच्या चार दिवस आधी ते पान गटात टाका. निम्मे प्रश्न येणारच नाहीत, आणि जे येतील ते नवे असतील. जाणत्या माणसाला नव्या प्रश्नावर बोलायला आवडतं.

मणेराजुरी_मळा (तासगाव)

आज रात्री हे पिन करतोय, काही राहिलं तर सांगा:

"जात, खुंट, छाटणीची तारीख, मागच्या दहा दिवसांतल्या फवारण्या, पाऊस किंवा दव. फोटो तीन: पान वरून, पान खालून, अख्खी वेल. लिहायला जमत नसेल तर पाळीवाल्याला फोन करा. ओळख सांगितली तरी ते पूर्ण उत्तर. औषध सांगताना घटक, प्रमाण, लिटरला की एकराला. दहा दिवसांनी निकाल कळवा."

कवठेकर_७० (कवठेमहांकाळ)

"सल्ल्यावरून जाब विचारायचा नाही" हे राहिलं. ते सगळ्यात वर घाला.