युट्रेक्टमध्ये शांत, झाडांच्या भागात भाड्याचं घर: लुनेटन की टाउनडॉर्प?

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांचा मुलगा, नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला दोन वर्षं झाली, स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर राहतो. सुरुवातीला सगळं हाताशी म्हणून छान वाटलं पण आता झोपेचं खोबरं झालंय, शुक्रवार-शनिवार रात्री दोनपर्यंत खाली लोकांचा आरडाओरडा आणि सकाळी काचेच्या बाटल्यांचा कंटेनर रिकामा करायला ट्रक येतो तेव्हा मुलगा दचकून उठतो. त्याला खेळायला खाली न्यायचं तर ट्राम आणि सायकलींमधून हात घट्ट धरून. मला त्याला गवतावर सोडायचंय, बास.

तीन महिने शोधल्यावर दोन ठिकाणी होकार आलाय आणि आठवड्याभरात उत्तर द्यायचंय. पहिलं लुनेटनमध्ये, साधारण ९० चौ. मीटरचं रांगेतलं घर, छोटी बाग, स्टेशन चालत आठ मिनिटं, भाडं महिना १,७२५ युरो, पण घर रिकामं म्हणजे अगदी जमिनीवर लॅमिनेटसुद्धा नाही, कॉन्ट्रॅक्ट बेमुदत. दुसरं टाउनडॉर्पमध्ये, १९३० च्या दशकातलं विटांचं घर, रंगीत काचांच्या खिडक्या, समोर मोठी झाडं, पूर्ण फर्निचर, २,२५०, मालक नोकरीसाठी दोन वर्षं परदेशी चाललेत आणि परत आले की आम्ही बाहेर. बघताक्षणी मी त्या दुसऱ्या घराच्या प्रेमात पडले हे खरं. नवरा म्हणतो डोकं ठिकाणावर ठेव.

लुनेटनला हायवेचा आवाज येतो म्हणतात, कितपत खरं आहे? आणि असं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मुळात कायदेशीर आहे का, कारण ऑफिसमधली एकजण म्हणाली की आता तात्पुरती कॉन्ट्रॅक्टं बंद झालीत. एजंटने ३०० युरो कॉन्ट्रॅक्ट फी पण मागितलीय दुसऱ्या घरासाठी. एप्रिलमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येतील, त्यांचे गुडघे दुखतात, तेही बघायचंय.

सायकलवाला

ताई, मी लुनेटनमध्येच राहतो, नऊ वर्षं झाली, त्यामुळे आवाजाचं नीट सांगतो. नकाशा बघा, पूर्वेला ए२७ आणि दक्षिणेला ए१२ हे हायवे, पश्चिमेला वॉटरलिनीवेख हा मोठा रस्ता आणि उत्तरेला रेल्वे, म्हणजे चारी बाजूंनी वेढलेलं आहे आणि मधे हे हिरवं बेट. मधल्या गल्ल्यांत गाड्या फारशा येतच नाहीत, रस्तेच असे वळवलेत की आरपार जाता येत नाही, मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत बसतात. पण कडेच्या घरांना हायवेची एक सततची घरघर असते, आणि ती वाऱ्यावर अवलंबून असते. इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, तेव्हा दक्षिणेच्या घरांना ए१२ ऐकू येतो. पूर्वेकडून वारा सुटला, म्हणजे थंडीतल्या कोरड्या दिवसांत किंवा उन्हाळ्यात, की ए२७ च्या बाजूच्यांची पाळी. शनिवारी दुपारी वारा पडलेला असताना घर बघितलंत तर काहीच कळणार नाही, म्हणून एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला आणि एकदा रात्री अकराला नुसते त्या गल्लीत जाऊन पाच मिनिटं गप्प उभे राहा. अ‍ॅटलास लेफओमखेव्हिंग म्हणून सरकारी साइट आहे, पत्ता टाकला की रस्त्याचा आणि रेल्वेचा आवाज किती डेसिबल ते नकाशावर दिसतं. तेही बघा पण कानावर जास्त भरवसा ठेवा.

बाकी हिरवाईचं विचाराल तर माझ्या मते लुनेटनला तोड नाही. कोपल पार्क आहे, बेआट्रिक्स पार्क आहे, जुने लुनेट किल्ले आहेत ज्यांच्यावरून नाव पडलं, एकोणिसाव्या शतकातले, पाण्याने शत्रूला अडवायच्या त्या संरक्षण रेषेतले, २०२१ पासून ती सगळी रेषा युनेस्कोच्या यादीत आहे. आणि सायकलवर दहा मिनिटांत आमेलिसवेर्डचं जंगल. ए२७ च्या पुलाखालून गेलात की एकदम बीच जातीची उंच झाडं आणि क्रोमे राइन नदी, माझी मुलगी तिथेच सायकल शिकली. ते जंगल वाचवायला लोक १९८२ मध्ये झाडांवर चढून बसले होते, तरी हायवेसाठी बरीच झाडं पडलीच, तिथून जाताना मला दर वेळी ते आठवतं. उरलंय ते तरी मुलांना बघायला मिळतंय.

ट्रेन म्हणाल तर स्प्रिंटरने, म्हणजे लोकलने, फार्टसे राइन स्टेशन आणि मग सेंट्रल, एवढंच.

चिंचगूळ

आवाजापेक्षा कॉन्ट्रॅक्टचं आधी बघ गं. मी कळकळीने सांगतेय कारण आम्ही यातून गेलोय.

तुझी मैत्रीण अर्धं बरोबर सांगतेय. १ जुलै २०२४ पासून इथे नवीन कॉन्ट्रॅक्ट बेमुदत असणं हाच नियम आहे, दोन वर्षांची सरसकट कॉन्ट्रॅक्टं बंद. पण काही अपवाद ठेवलेत आणि त्यातला एक म्हणजे स्वतःच्या राहत्या घराचा मालक तात्पुरता बाहेर जातो आणि परत येऊन स्वतः राहणार असतो, त्याला सगळे डिप्लोमॅट क्लॉज म्हणतात, डिप्लोमॅट असायची गरज नाही. तो कायदेशीर आहे, मात्र कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलेला हवा आणि मालकाला निदान तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते.

आम्ही हेगमध्ये अशाच घरात राहिलो, फोगलवाइकजवळ, समुद्राकडचा वारा, अंगणात सफरचंदाचं झाड. मालकांनी काहीही चुकीचं केलं नाही, ते ठरल्याप्रमाणे परत आले. पण तोपर्यंत मुलगी कोपऱ्यावरच्या शाळेत दीड वर्ष रुळली होती, शेजारच्या आजींकडे रोज दुपारी जायची, डच बोलायला लागली होती, आणि त्या भागात दुसरं घर आमच्या बजेटमध्ये मिळालंच नाही. दोन महिने मी रोज रात्री जाहिराती बघून रडले. शाळा बदलली तेव्हा ती परत गप्प गप्प झाली, सहा महिने लागले तिला सावरायला. तुझा मुलगा सहा महिन्यांत चारचा होईल म्हणजे शाळेत जाईल, दोन वर्षांनी साडेपाचचा असेल, मित्र असतील त्याचे. शांत घर म्हणजे नुसता आवाज नाही गं, उद्या इथेच असू हे माहीत असणं पण त्यात येतं.

बेमुदत कॉन्ट्रॅक्टमध्ये मालकाने घर विकलं तरी तुम्ही राहता, कॉन्ट्रॅक्ट नव्या मालकाकडे जातं. सध्या बरेच मालक भाड्याची घरं विकतायत तेव्हा हे फार महत्त्वाचं आहे. आणि तुम्हाला सोडायचं असेल तर महिन्याची नोटीस पुरते.

आणि ते ३०० युरो अजिबात देऊ नकोस. एजंट मालकाकडून काम करत असेल तर त्याला भाडेकरूकडून फी घेता येत नाही, नाव काहीही देऊ दे, कॉन्ट्रॅक्ट फी म्हणा नाहीतर अ‍ॅडमिन. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, तेही मूळ भाड्यावर, सर्व्हिस कॉस्ट धरून नाही. घर सोडल्यावर काही कापायचं नसेल तर १४ दिवसांत परत मिळालं पाहिजे.

अजून एक, लुनेटनच्या घराचे पॉइंट मोजलेत का? क्षेत्रफळ, एनर्जी लेबल (घर किती ऊर्जा खातं त्याचा दर्जा), किचन-बाथरूम, बाग, घराची सरकारी किंमत यावरून पॉइंट पडतात, आणि १८६ पर्यंत आले तर भाड्याला कायद्याने मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती मर्यादा १,१८४.८२ युरो होती. ह्युरकॉमिसी म्हणजे भाड्याचे वाद बघणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर स्वतः मोजता येतात, तासभर लागतो. नक्की कर.

निवांत

दोन्ही प्रतिसाद पटले तरी टाउनडॉर्पच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. आम्ही तशाच घरात तीन वर्षं काढली आणि ती आमची इथली सगळ्यात सुंदर वर्षं होती, संध्याकाळी त्या रंगीत काचेतून ऊन जिन्यावर पडायचं ते अजून डोळ्यासमोर येतं. ज्यांचं इथे किती राहायचं तेच ठरलेलं नाही त्यांच्यासाठी फर्निचरसकट घर म्हणजे खूप मोठी सोय असते, रिकाम्या घराला जमीन, पडदे, दिवे, वॉशिंग मशिन, कपाटं धरली तर पैसे आणि दोन-तीन महिन्यांचे सगळे वीकेंड जातात.

पण सासूबाई येणार म्हणालात म्हणून जिना सांगतो. त्या काळातल्या घरांचे जिने फार उभे असतात, पायरी इतकी अरुंद की पाऊल पूर्ण मावत नाही, आणि बाथरूम बहुतेक वेळा वर. माझी आई आली होती तेव्हा ती रात्री पाणी प्यायचीच नाही, टॉयलेटसाठी जिन्यावर जायला लागू नये म्हणून. हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि फार वाईट वाटलं. खाली टॉयलेट आहे का आणि झोपायची खोली खाली होऊ शकते का ते बघाच.

दुसरं म्हणजे एनर्जी लेबल विचारा. जुन्या विटांच्या घरात खिडक्या सिंगल काचेच्या असतील तर हिवाळ्यात गॅसचं बिल अंगावर येतं आणि आपला स्वयंपाक, कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची ओल त्या थंड भिंतींवर बसते. कपाटामागे काळी बुरशी आली होती आमच्याकडे, मग रोज सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायची सवय लावून घेतली, कितीही थंडी असली तरी. लुनेटनच्या घरात मेकॅनिकल व्हेंटिलेशन असेल तर आवाज येतो म्हणून कधीही बंद करू नका.

झाडांचं कौतुक मलाही आहे पण घरासमोर ओकची झाडं असतील तर मे ते जुलै त्यांच्यावर एक केसाळ सुरवंट येतो, त्याचे बारीक केस वाऱ्याने उडतात आणि अंगाला भयंकर खाज सुटते. झाडांवर लाल-पांढरी फीत बांधलेली दिसली तर मुलाला तिथे खेळू देऊ नका आणि त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नका.

ओलीमाती

छोटंसंच. पासपोर्टची कॉपी पाठवताना बीएसएन, म्हणजे आपला इथला नागरिक क्रमांक, झाकून पाठवा, सरकारचं कोपी-आयडी अ‍ॅप आहे त्यासाठी, कॉपीवर कुणासाठी आणि कशासाठी तेही लिहिता येतं. आणि घर आतून न बघता कुणालाही एक युरो पाठवू नका, मालक परदेशात आहे, चावी कुरियरने येईल असं कुणी म्हणालं की फसवणूक समजायची. माझ्या भावाचे असे पैसे गेलेत. दोन्ही घरांत गेमेंटेला (नगरपालिकेत) नाव नोंदवता येईल ना हे लेखी घ्या.

पाणकोंबडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चिंचगूळ ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

काल रात्री अकराला लुनेटनला जाऊन आलो, आणि आज सकाळी साडेसातला परत. रात्री घराच्या पुढच्या बाजूला काही नाही, अगदी काही नाही, फक्त कुठेतरी बदकं. मागे बागेच्या दारातून हायवे ऐकू येतो, लांबून पाऊस पडत असल्यासारखा. सकाळी जरा जास्त होता. मुलाची झोपायची खोली पुढे आहे, ते बरं झालं. आम्ही उभे होतो तर समोरच्या घरातल्या बाई कुत्र्याला फिरवायला निघाल्या, काय शोधताय विचारलं, सांगितल्यावर म्हणाल्या उन्हाळ्यात बागेत बसताना जाणवतो, घरात नाही, आणि तुमचा मुलगा किती वर्षांचा, आमचा नातू बुधवारी येतो.

टाउनडॉर्पचा जिना परत जाऊन बघितला. मुलाला कडेवर घेऊन उतरताना मलाच कठडा धरावा लागला. सासूबाईंना नाही जमणार. एजंटला फीबद्दल विचारलं तर दुसऱ्या दिवशी ती आपोआप गायब झाली, पण मन उडालं.

पॉइंट मोजले, १९१ आले, म्हणजे मर्यादेच्या वरच आहे, ठीक. लुनेटनला होकार कळवलाय, सोमवारी सही. आता एकच प्रश्न, आधीचे भाडेकरू लॅमिनेट आणि पडदे सोडून जायला तयार आहेत, १,२०० मागतायत. घ्यावं का?

सायकलवाला

अरे वा, शेजारी होणार आपण! लॅमिनेट आधी नीट बघा, कडा फुगल्यात का, किचनच्या सिंकजवळ आणि बागेच्या दाराजवळ खास, कारण पाणी तिथेच मुरतं. किती वर्षं जुनं ते विचारा, पाचाच्या वर असेल तर १,२०० जास्त आहेत, निम्म्यावर बोला. आणि काहीही देण्याआधी मालकाकडून लेखी घ्या की तुम्ही घर सोडताना ही जमीन तशीच ठेवली तर चालेल, कारण घर रिकामं भाड्याने घेतलंय म्हणजे एरवी जाताना ती तुम्हाला उखडून द्यावी लागू शकते. चावी घ्यायच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी मेल करा. मीटरचे आकडेही.

बाग तुमची म्हणजे गवत कापणं आणि कुंपणाची छाटणी तुमच्याकडेच येते. कात्री विकत घेऊ नका, माझ्याकडे दोन आहेत. नोव्हेंबरमध्ये गेमेंटे पानांसाठी मोठे जाळीचे पिंजरे रस्त्यावर ठेवते, पोरं त्यात पानं टाकायला पळत येतात, तुमच्या मुलाला तिथे सोडा.