अनुभव धागा: गॅसगळती आणि घरातली मुकी मंडळी

ओसरी
काल खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे लॅब्राडॉरचं पिल्लू आलंय. बघायला गेले तर त्याचं अंथरूण ड्राय बाल्कनीत, थेट सिलिंडरला लागून. "इथे धुवायला सोपं पडतं गं," म्हणाल्या. माझ्या पोटात गोळा आला. आमचा मोती आठवला.

नाशिकला वाड्यात राहायचो तेव्हाची गोष्ट. मोती स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायचा, थंडीत तर तिथून हलायचाच नाही. एका पहाटे बाबा चहा टाकायला उठले. उभ्या माणसाला वास अगदी पुसट येत होता. खाली मोती पडलेला, तोंडातून लाळ, हाक मारली तर उठायला बघतोय पण मागचे पाय साथ देत नव्हते. बाबांनी दिवा लावला नाही. अंधारातच मागचं दार सताड उघडलं, मोतीला उचलून अंगणात नेलं, मग येऊन रेग्युलेटर बंद केला. नळी रेग्युलेटरच्या तोंडाशी चिरली होती. मोती दुपारपर्यंत मलूल होता, मग सावरला.

सिलिंडरमधला गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. पाण्यासारखा खाली साचतो, आणि आपली मांजरं-कुत्री तिथेच नाक टेकून झोपतात. दार उघडून बाहेर जाणंही त्यांच्या हातात नाही. म्हणून त्यांची झोपायची जागा आपणच विचार करून ठरवायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमचेही अनुभव लिहा.

मनीची आजी
बाई गं, मोती! वाचतानाच हात थरथरला. वाचला ना, देव पावला.

दादरकर
ओसरीताई, एक भर घालतो. हे सिलिंडरचं झालं. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. आमच्याकडे बजरींचा (छोटे परदेशी पोपट) पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात वर टांगलेला असायचा. पाइप जोडायला आलेल्या मुलाने स्वतःहून सांगितलं, "काका, पिंजरा इथून हलवा." त्याच दिवशी हॉलच्या खिडकीत गेला. अलार्म बसवणाऱ्यांनीही हे बघा: सिलिंडर असेल तर जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाइपचा गॅस असेल तर छताजवळ. शेजाऱ्यांकडे सिलिंडर आहे आणि अलार्म पंख्याच्या उंचीला लावलाय. तो वाजेपर्यंत खाली काय झालेलं असेल सांगा.

कोल्हापुरी चप्पल
आमचा बोका ओट्यावर उडी मारतो आणि शेगडीच्या बटणांना अंग घासतो. जुनी शेगडी, बटणं सैल. एकदा भर दुपारी सूं सूं आवाज येतोय म्हणून आई धावली तर बर्नर न पेटता चालू. आता जेवणं आटोपली की रेग्युलेटर बंद, दुपारी पण. घरात सगळ्यांना सवय लागलीय, पाहुण्यांना पण लागते. कुकर लागलाय, नंतर येते.

विदर्भवीर
आमच्याकडे उलटं. उंदराने नळी कुरतडली. तेव्हापासूनच मांजर आणली :) तिचं नाव सुरक्षा ठेवलंय.

कोल्हापुरी चप्पल
@विदर्भवीर हाहा, सुरक्षाचा फोटो टाका!
नळी तीच घ्या, नारंगी सुरक्षा नळी, आत तारेचं जाळं असलेली. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायचीच. ती उंदराला सहज जमत नाही.

हळदीचं पान
मी गिझरबद्दल लिहिते, कारण तो गॅस वेगळाच.

आमची न्हाणी लहान, गॅस गिझर आतच, खिडकी एवढीशी, तीही थंडीत लावलेली. बाहेरच्या बोळकांडीत बजरींची जोडी. सून न्हायला गेली होती. मी भाजी निवडत बसले होते, आणि पिंजऱ्यात धप्प असा आवाज झाला. नर खाली पडला होता, मादी दांडीवर पंख फुलवून चोच उघडून बसलेली. कसलाच वास नाही. का कोण जाणे, मी आधी न्हाणीचं दार वाजवलं. सून "डोकं गरगरतंय" म्हणत कशीबशी कडी काढून बाहेर आली आणि भिंतीला धरून खालीच बसली. खिडक्या-दारं उघडली, तिला गच्चीत नेलं, मग दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळला नाही की होतो, आणि त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. इथे तो जळून गेलेला असतो.

सून बरी आहे. नर गेला. त्याला परसात जास्वंदीखाली पुरलं. गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे.

ओसरी
काय लिहू… मावशी, त्या जिवाने सुनेला वाचवलं हो.

मनीची आजी
डोळ्यांत पाणी आलं. सुनबाईंना खूप आशीर्वाद.

खाणकामगार
पाखरांना आधी का लागतं तर त्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात, श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा जाते. म्हणून ऑक्सिजन भरपूर मिळतो आणि विषही तितक्याच झपाट्याने. ब्रिटनमध्ये हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेऊ लागले, ते १९८६ मध्ये यंत्रं येईपर्यंत. माझं अर्धं आयुष्य वणीकडच्या खाणींत गेलं, आम्ही यंत्रंच वापरली. पण कॅनरीची गोष्ट प्रत्येक नव्या पोराला सांगायचो.

चिमणचारा
माझ्या मामांकडे पोपट आहे, बोलतो पण. त्याला पण धोका का?

दादरकर
@चिमणचारा धोका आहेच. शिवाय देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. मामांना वनखात्याशी बोलायला सांगा.
नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. त्याचा धूर पाखरांच्या जिवावर बेततो.

चिमणचारा
बापरे. मामांना आजच फोन करते.

भाकरतुकडा
आमच्या टायगरने रात्री भुंकून उठवलं आणि गळती कळली. कुत्रा असला की घर सुरक्षित!

ओसरी
टायगरला शाबासकी! पण भाकरतुकडा, या भरवशावर राहू नका हो. मोती भुंकला नव्हता, त्याला उठताच येत नव्हतं. आणि रात्री साखळीने बांधत असाल तर तेवढं सोडून द्या.

भाकरतुकडा
बरोबर आहे. बांधत होतो, आता नाही.

ठाणे पूर्व
आमच्या मजल्यावर गळती झाली तेव्हा सगळे खाली उतरले आणि माझी चिंगी दिवाणाखाली. घाबरलेली मांजर कोपरा गाठते, हाकेला येत नाही. पिंजरा माळ्यावर. शेवटी बहिणीने उशीचा अभ्रा काढला, चिंगीला त्यात घातलं आणि पळालो. आता अभ्रा दाराच्या खुंटीला कायम लटकलेला असतो. लिफ्ट वापरू नका, बेल वाजवू नका, दारावर थापा मारा. मोबाइलवर बोलायचं ते बाहेर जाऊन. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅसचा नंबर बिलावर असतो.

जर्सीची जाई
इथे न्यू जर्सीत दारावर स्टिकर लावतात, आत कुत्री किती, मांजरी किती. आम्ही घरी नसलो तरी बंबवाल्यांना कळावं म्हणून. पुण्यात आईच्या दारावर मी साधा कागद लावून आले: आत दोन मांजरी आहेत. वॉचमनदादांनाही सांगून ठेवलंय.

मासोळी
माशांचं काय करायचं? पंप तर खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. बंद करू का वास आला की?

ठाणे पूर्व
@मासोळी नाही, प्लग अजिबात काढू नका, ठिणगी पडते. फ्रिजचं पण तेच. मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथूनच वीज बंद करा. तोवर खिडक्या. मासे पंपाशिवाय थोडा वेळ काढतात.

मासोळी
धन्यवाद ताई. आमचा मेन जिन्यात आहे, सोपं जाईल.

सांगलीचा गुळ
मोतीसारखं झालं तर मोकळ्या हवेत नेल्यावर बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावं ना? आमच्या म्हातारीला (कुत्री आहे, तेरा वर्षांची) आधीच खोकला आहे.

हळदीचं पान
दाखवायलाच हवं. ऑक्सिजनची सोय आहे का ते आधी विचारून ठेवा, सगळीकडे नसते. आमच्या मादीसाठी फिरलो तेव्हा कळलं.

सांगलीचा गुळ
रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना सांगली-मिरजेत कुणाला माहीत आहे का?

कोल्हापुरी चप्पल
मिरजेत एक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. म्हातारीला कडा प्रसाद (गुरुद्वारातला तुपाळ शिरा) नका देऊ हं, मागच्या धाग्यात लिहिलं होतंत :)

सांगलीचा गुळ
बंद केलाय! आता नुसता दहीभात.